कुत्रं जेवायला नखरे करतंय, काय घालू?

चिंचवडकरीण

आमची बर्फी स्पिट्झ आहे, सोसायटीत सगळे पोमेरियन म्हणतात ती जात. चार वर्षांची, ऑपरेशन झालेलं, वजन 8 किलो. खेळणं, बेल वाजली की भुंकणं, लिफ्टमधल्या काकांवर गुरगुरणं, सगळं जोरात चालू. फक्त जेवण म्हटलं की बाईसाहेबांचं तोंड वाकडं.

ड्रायफूड घातलं की वास घेते, एक दाणा उचलते, हॉलमधल्या सतरंजीवर नेऊन ठेवते आणि आमच्याकडे बघत बसते. चिकन-भात दिला तर चिकन गायब, भाताची शितं चाटून स्वच्छ करून ठेवलेली. गाजराचे तुकडे वाटीबाहेर ओळीने. नवीन पाकीट आणलं की थोडे दिवस बरं खाते, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. फडताळात अर्धवट उघडलेल्या पाकिटांचं प्रदर्शन भरलंय.

अंडं-चिकन सासूबाईंच्या ओट्यावर चालत नाही, म्हणून गॅलरीत इंडक्शन मांडून तिचं वेगळं शिजवते. एवढं करून ती तोंड फिरवते तेव्हा जे काही होतं ते ज्यांच्याकडे कुत्रं आहे त्यांनाच कळेल.

तर काय घातलं की खाईल? ब्रँड, पाककृती, टोटके, सगळं चालेल.

तिरकस

जेवत नाही आणि वजन आठच्या आठ किलो. हवेवर जगते का? घरात माणसं किती आणि कोणाच्या खिशात काय असतं, ते लिहा आधी.

नागपुरी संत्रं

रुमाल टाकतोय. आमचा लॅब्रा उलट आहे, वाटीसकट खातो. पण मे महिन्यात तोही दुपारी अन्नाकडे बघत नाही. 45 च्या पुढे पारा गेल्यावर आम्ही पहाटे फिरून आल्यावर एकदा आणि रात्री फरशा थंड झाल्यावर एकदा, असं दोनदाच देतो. उन्हाळ्यात थोडं कमी खाल्लं तर घाबरू नये.

माणदेशी

आमच्याकडे जतच्या बाजूला कारवानी कुत्री आहेत. भाकरी, ताक, कधी अंडं, कधी घरात शिजलं तर मटणाचं पाणी. ताट ठेवायचं, खाल्लं तर खाल्लं, नाही तर उचलायचं. फासळ्या दिसतात म्हणून पुण्याचे पाहुणे आमच्यावरच ओरडतात, पण त्या जातीचा बांधाच तसा. पळायला लावा, मग बघा. शहरात कुत्रं बसून असतं आणि माणसं ताट घेऊन मागं फिरतात. दोन दिवस काही देऊ नका, येतंय वठणीवर.

मुरुडची लाट

@चिंचवडकरीण, आमच्याकडे जवळा कोरडा भाजून त्याची पूड करतात. चिमूटभर भातावर भुरभुरली की कुत्रं काय, शेजारची मांजरंही रांगेत. आधी धुऊन घ्या, त्यात रेती असते.

गोठा_ते_गॅलरी

मी जनावरांचा डॉक्टर. सुरुवातीची वर्षं म्हशींत गेली, आता बहुतेक गॅलरीतली कुत्री बघतो, म्हणून हे नाव.

माणदेशींना अर्धं अनुमोदन. ताट उचलायचं हे बरोबर. पण "दोन दिवस उपाशी" असं सरसकट कोणाला सांगू नका. धडधाकट मोठ्या कुत्र्याने एखादं जेवण टाळलं तर काही बिघडत नाही. पिल्लू, अगदी छोट्या जातीचं कुत्रं, मधुमेहाचं औषध चालू असलेलं, म्हातारं, यांना उपास घडवायचा नाही. चिहुआहुआसारख्या जातीचं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी त्याची साखर उतरते, लटपटायला लागतं. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा आणि थेट दवाखाना गाठायचा.

आता बर्फीबद्दल. नखरे हा शब्द मी शेवटी वापरतो. आधी हे बघा: पूर्वी नीट खाणारं कुत्रं अचानक थांबलं का? खायला जातं आणि मागे फिरतं का? तोंडाला वास येतो, एकाच बाजूने चावतं, दाणे तोंडातून पडतात, असं काही? उलटी, पातळ शी, जास्त पाणी पिणं, मलूलपणा? यातलं काही असेल तर पाककृती विचारू नका, रक्त तपासा. आणि यातलं काही नसलं तरी मोठं कुत्रं 24 तासांत अजिबात काही खाल्लं नाही तर दाखवून घ्यायचं.

तुमच्या लिहिण्यावरून यातलं काही दिसत नाही. चिकन वेचून खाते म्हणजे दात चालतात, भूकही थोडीफार आहे. म्हणून तिरकस यांचाच प्रश्न मी वेगळ्या शब्दांत विचारतो. सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्या तोंडात काय काय जातं? वाटीतलं सोडून.

चिंचवडकरीण

काल दिवसभर लक्ष ठेवलं. सगळ्यांनी आधी "आम्ही काहीच देत नाही" म्हणून हात वर केले, ते जाऊ दे.

सकाळी सासऱ्यांच्या चहाबरोबर ग्लुकोजची तीन बिस्किटं. नाश्त्याला सासूबाईंची तूप लावलेली एक पोळी, कधी आमटीत कुस्करून. दुपारी सायीसकट अर्धी वाटी दूध. मुलगा शाळेतून आला की चीजची एक क्यूब. संध्याकाळी भाजीला चिरताना पनीरचा तुकडा, पोहे खायच्या चमच्यात मावेल एवढा. रात्री दातांची काडी, ती मात्र मी देते, पाकिटावर रोज एक लिहिलंय.

तिरकस

आलं लक्षात. ताटावर बसायच्या आधीच पंगत उठलेली असते.

गोठा_ते_गॅलरी

बसा, हिशेब करू.

विसाव्याच्या अवस्थेतली गरज काढायचं सूत्र आहे: वजनाचा 0.75 घात गुणिले 70. आठ किलोला साधारण 333 किलोकॅलरी येतात. नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या 1.4 ते 1.6 पट, म्हणजे दिवसाला 465 ते 530. हे ढोबळ आहे, फिरणं कमी असेल तर याहूनही खाली.

आता तुमची यादी. तीन बिस्किटं मिळून 60-65. तुपाची पोळी 130-140. अर्धी वाटी सायीचं दूध 70. चीज क्यूब 60-65. पनीर 60-70. काडी जातीप्रमाणे बदलते, 40 धरू. बेरीज सव्वाचारशे ते साडेचारशे.

म्हणजे तुम्ही गॅलरीत इंडक्शन लावायच्या आधीच तिचं जवळजवळ पूर्ण पोट भरलेलं आहे. वाटीतलं चिकन ती जागा शोधून कोंबते. कुत्रं अगदी शहाणपणाने वागतंय, उरलेल्या भुकेत सगळ्यात चवदार ते वेचून घेतंय. खाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्या घरी तो दहा टक्के म्हणजे दोन बिस्किटं. संपला कोटा.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: आमटी बंद. आजपासून. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो की शिजवलेला. थोड्या थोड्या प्रमाणात रोज गेला तरी त्रास साठत जातो. आणि चिंच. द्राक्षं-मनुका खाल्ल्याने कुत्र्यांची किडनी निकामी होते हे जुनं ज्ञान, पण त्यातलं नेमकं काय बाधतं हे कोडंच होतं. अलीकडे अमेरिकेतल्या विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलंय, आणि त्यांच्या प्रकरणांत चिंच खाल्लेली कुत्रीही आहेत. आपल्याकडे चिंच-गुळाची आमटी, सांबार, पाणीपुरीचं पाणी, भेळेची चटणी. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही. हे सगळं कुत्र्यापासून लांब.

मुरुडची लाट

चिंचेचं माहीत नव्हतं! आमच्याकडे कोकम असतं, पण आमच्या लाल्याला मी कालवणातला मासाही धुऊन देते, त्यामुळे ठीक.

गोठा_ते_गॅलरी

@मुरुडची लाट, जवळा चालेल, पण खारवलेला बांगडा, खारे बोंबील अजिबात नकोत, मीठ फार जातं. आणि माशाचा काटा काढूनच.

रानटी_आहार

मूळ प्रश्नच कोणी विचारत नाहीये. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, मांसाहारी प्राणी. त्याला पोळी, भात, पाकिटातले धान्याचे गोळे कशाला? कच्चं चिकन, कच्ची हाडं द्या, ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं) द्या. एकही नखरा राहणार नाही. आमचा रॉटवायलर तीन वर्षं कच्च्यावर आहे.

गोठा_ते_गॅलरी

लांडग्याचा वंशज आहे, पण लांडगा राहिलेला नाही. 2013 साली 'नेचर'मध्ये स्वीडिश संशोधकांचा अभ्यास आला. पिठूळ पदार्थ पचवायला लागणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट. माणसाच्या शेतीच्या कडेला राहून भाकरी-भात पचवायची सवय त्यांच्या रक्तात उतरलीय. धनगरांची कुत्री पिढ्यानपिढ्या भाकरीवर राखण करतात, ती काही हवेवर जगत नाहीत.

ग्रेन-फ्रीबद्दल: अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 2018 मध्ये जाहीर केलं की अशा अन्नावरच्या, विशेषतः ज्यात वाटाणा, मसूर, बटाटा भरपूर आहे त्यावरच्या कुत्र्यांत हृदयाचा स्नायू पातळ होण्याच्या तक्रारी येत आहेत आणि आम्ही तपास करतोय. कारण अजून पक्कं ठरलेलं नाही. पण ज्या कुत्र्याला धान्याची ॲलर्जी नाही त्याला जास्त पैसे देऊन धान्य टाळायचं कारण मला दिसत नाही.

कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला हा जंतू असू शकतो. कुत्र्याला काही होणार नाही कदाचित, पण बर्फी ज्या सतरंजीवर दाणे नेऊन ठेवते तिथेच घरातलं पोर लोळतं. शिजवलेली हाडं मात्र कोणीही देऊ नका, ती चिरफळतात आणि आतड्यात रुततात.

रानटी_आहार

पाकीटवाल्यांचं मार्केटिंग आहे हे सगळं. डॉक्टरांच्याच दवाखान्यात पाकिटं विकायला ठेवलेली असतात.

गोठा_ते_गॅलरी

माझ्याकडे नाहीत. मी गोचीडाच्या गोळ्या ठेवतो, त्याही उधारीवर जातात.

तिरकस

:) पॉपकॉर्न आणलेत. (बर्फीला देणार नाही.)

एल्बकाठची

हॅम्बुर्गहून लिहितेय. लॅब्राडोरवाल्यांनी खूश होऊ नये, तेही नॉर्मल नाहीत. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकात बिघाड सापडला, त्यांनी तपासलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा कुत्र्यांत. "पोट भरलं" हा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. तेव्हा "शेजाऱ्यांचा लॅब बघा कसा खातो" ही तुलना बर्फीवर अन्याय आहे.

आमचा इंडी (आपलं देशी कुत्रं) मी पुण्याहून इकडे आणला. रेबीज टायटरची तपासणी (लस रक्तात लागू पडली का ते बघतात), मग तीन महिन्यांची वाट, मग विमान. उतरल्यावर त्याने अन्नाला तोंडच लावलं नाही. इथल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, काही नाही, त्याचं सगळं जग बदललंय. शेवटी भारतातून बॅगेत कोंबून आणलेली जुनी चादर त्याच्या वाटीशेजारी अंथरली आणि जेवणाच्या वेळा पुण्यातल्याच घड्याळाने ठेवल्या. हळूहळू सरकवल्या.

आणखी एक बारीकशी गोष्ट, चिंचवडकरीण तुमच्यासाठी. तुमची दाणा उचलून सतरंजीवर का नेते? आमचाही न्यायचा. मी एकदा जेवताना जमिनीवर पालथी पडून बघितलं (नवऱ्याने फोटो काढलाय, तो इथे टाकणार नाही). वाटी स्टीलची, गळ्यात लायसन्सचा पत्र्याचा बिल्ला. मान खाली घातली की बिल्ला काठावर टणकन आपटायचा आणि हा दचकून मागे. वाटी गुळगुळीत टाइल्सवर सरकायची ते वेगळंच. जेवताना पट्टा काढायला लागलो, वाटीखाली रबरी जाळी टाकली, चिनी मातीचं बसकं भांडं आणलं. दाणे उचलून नेणं बंद.

चिंचवडकरीण

बर्फीच्या पट्ट्याला घुंगरू आहे!! सासूबाईंनी हौसेने बांधलंय, गॅलरीत गेली की कळावं म्हणून.

अनुस्वार

घुंगरू आवडलं.

पण थोडं गंभीर लिहिते, कारण शीर्षक वाचून लोक येतील आणि "नखरे" धरूनच बसतील. आमचा ब्रूनो खादाड. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एकदम खाणं सोडलं. त्याच आठवड्यात आम्ही पाकीट बदललं होतं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं एकमत, नवीन चव आवडली नाही. मला खटकलं ते हे, की त्याच्या जीव की प्राण उकडलेल्या अंड्यालाही त्याने नुसतं हुंगलं. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असतात, त्या धुतलेल्या कापडासारख्या झालेल्या. कानाच्या आत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात शोधलं तर गोचीड. ताप होता, प्लेटलेट खूप खाली गेलेल्या. टिक फिव्हर निघाला. डॉक्सीसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स झाला. ते औषध रिकाम्या पोटी दिलं की मळमळतं, त्यामुळे आधी दोन घास पातळ खिमट भरवायचं, मग गोळी.

आवडता पदार्थ नाकारला तर तो नखरा नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

गोठा_ते_गॅलरी

अनुस्वार यांच्या प्रतिसादाला शंभरदा अनुमोदन. नखरेल कुत्रं नावडतं टाकून आवडतं खातं. आजारी कुत्रं दोन्ही टाकतं. आणि अशा वेळी घरचे लोक काय करतात? भूक लागावी म्हणून तूप, लोणी, मटणाची चरबी घालून आमिष दाखवतात. दिवाळीनंतर माझ्याकडे स्वादुपिंडाला सूज आलेली कुत्री येतात ती अशीच. चकलीची, चिवड्याची, तळणीची माया.

नागपुरी संत्रं

डॉक्टर, एक विचारू? पाकिटाबद्दल. आमच्या इथे दुकानात मोठी गोणी फोडून सुटं किलोवर देतात. स्वस्त पडतं. चालतं का?

गोठा_ते_गॅलरी

चांगला प्रश्न. त्या दाण्यांवर वरून चरबी फवारलेली असते, चव आणि वास त्यालाच असतो. हवा लागली की ती खवट होते. पावसाळी दमट हवेत तर फारच लवकर. आपल्या नाकाला काही कळत नाही, कुत्र्याला पहिल्याच फेरीत कळतं. "थोडे दिवस खाते, मग सोडते" यामागे बऱ्याचदा हेच असतं. सुटं घेऊ नये, कारण गोणी कधी फोडली, बुरशी धरली का, काही पत्ता नसतो. छोट्या कुत्र्याला छोटं पाकीट, उघडल्यापासून महिन्या-दीड महिन्यात संपेल असं. दाणे डब्यात ओतू नका, पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे तारीख आणि बॅच नंबरही हाताशी राहतो.

आणि वाढताना त्यावर कोमट पाणी घालून पाच-दहा मिनिटं ठेवा. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण 1,700, माणसाच्या 9,000 च्या आसपास. तो जेवतो नाकाने. फ्रीजमधून काढलेल्या गार चिकन-भाताला वासच नसतो. अंगाच्या उबेइतकं गरम केलं की वास उठतो. बोट घालून चटका न बसेल इतपत.

चिंचवडकरीण

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. सध्या चाललंय ते असं.

काल रात्री घरातल्या सगळ्यांना हिशेब वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "तिचं पोट दिसतंय का तुम्हाला? वाळलीय नुसती." मग फासळ्यांवरून हात फिरवून दाखवला. डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं, केसाळ कुत्र्याचं डोळ्यांनी नाही, हाताने बघायचं. फासळ्या हलक्या हाताने मोजता आल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कमर दिसली पाहिजे. बर्फीच्या फासळ्या शोधायला जरा दाबावंच लागलं.

ठरलं असं की सकाळी एक छोटा स्टीलचा डबा भरायचा. तिच्या दिवसाच्या ड्रायफूडमधले थोडे दाणे आणि काकडीचे तुकडे. ज्याला माया येईल त्याने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा रिकामा, माया बंद. पोराला हे भलतंच आवडलंय, तो डब्याचा मुनीम झालाय. जेवण सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांनी वाटी उचलायची. घुंगरू जेवताना काढायचं.

अडचण एकच. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आज सकाळी स्वतःचा वेगळा डबा भरून ठेवला. तुपाच्या पोळीचे तुकडे. "तुमचा डबा तुमचा, माझा माझा."

तिरकस

आजी झिंदाबाद.

माणदेशी

हे मात्र खरं. आमच्या आईनं कारवानीला दुपारी दुधातली भाकरी लपवून घातलीच असती. कुत्रं ऐकतं, म्हातारी माणसं ऐकत नाहीत.

एल्बकाठची

आजींशी भांडू नका. त्यांच्या डब्यातलं तूप तेवढं काढा. कोरड्या फुलक्याचे अंगठ्याएवढे तुकडे त्यांच्याच हातून, पण तेही "बैस" म्हटल्यावर. त्यांनाही कामगिरी मिळते आणि बर्फीही शिकते. आमच्या आईने व्हिडिओ कॉलवरून आमच्या इंडीला "बस रे" शिकवलंय, जर्मन कुत्र्यांना कळत नाही ते.

फक्त वाचक

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा लिहितो. आमच्या घरी कडक शाकाहार. कुत्रं पूर्ण शाकाहारी ठेवता येतं का? आम्ही पनीर, वरण-भात, नाचणीची भाकरी देतो. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं म्हणून.

गोठा_ते_गॅलरी

ठेवता येतं. कुत्रा मांजरासारखा मांसावर अडून बसलेला नाही. पण घरच्या घरी तोल सांभाळणं अवघड. वरण-भातात प्रथिनं अपुरी, पनीरमध्ये चरबी जास्त. नाचणीत कॅल्शियम आहे हे खरं (100 ग्रॅमला 340 मिलिग्रॅमच्या आसपास), पण त्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे ते पूर्ण अंगी लागत नाही. सोया, अंडं चालत असेल तर अंडं, शिवाय कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची जोड, हे डॉक्टरकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या. पिल्लू असेल तर घरी प्रयोग करूच नका, तयार संतुलित अन्न द्या. त्यांची शाकाहारी पाकिटंही मिळतात.

हीच गोष्ट चिकन-भातवाल्यांनाही लागू आहे, त्यांनी हसू नये. नुसत्या चिकन-भातात फॉस्फरस चिक्कार आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. जर्मन शेफर्डची, ग्रेट डेनची वाकड्या पायांची पिल्लं येतात ना, त्यातली बरीचशी प्रेमाने चिकन-भात किंवा दूध-पोळी खाऊन वाढलेली असतात. मोठ्या कुत्र्याला रोज घरचंच द्यायचं असेल तर अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, मिक्सरला मैद्यासारखी बारीक करा. अर्धा किलो मांसाला अर्धा चमचा, ढोबळ माप. पिल्लांना हे अंदाजाने नको, त्यांना कॅल्शियम जास्त झालेलंही बाधतं.

चिंचवडकरीण

टरफलं सासूबाईंच्या मिक्सरला? नाही हो. तिच्यासाठी मी आता सरळ तयार अन्नच मुख्य ठेवतेय. जुन्यात नवीन मिसळत, दर दोन दिवसांनी नव्याचं प्रमाण वाढवत. आठवडाभरात पूर्ण बदल, असं पाकिटावरही लिहिलंय. चिकन रविवारी. इंडक्शन पावसात गॅलरीत ठेवणं तसंही धोक्याचंच होतं.

आज सकाळी पहिली वाटी नाकारली. उचलली. माझाच जीव खालीवर, ती मस्त झोपली. संध्याकाळी फिरून आल्यावर कोमट पाणी घालून दिली तर अर्ध्याहून जास्त संपवली, वाटीपाशी उभी राहून.

अनुस्वार

वा! उद्या आणखी खाईल. आणि एखाद्या दिवशी नाही खाल्लं तरी लगेच चीजकडे वळू नका, ती तेवढीच वाट बघते.

पहिलाच_कुत्रा

सॉरी, धागा पुढे गेलाय पण विचारतो. आमचं तीन महिन्यांचं पिल्लू सकाळपासून काहीच खात नाहीये. काल दत्तक आणलं. वीस मिनिटांनी वाटी उचलायचा नियम लावू का? थोडं सुस्त आहे, दुपारी एकदा पिवळी उलटी झाली.

गोठा_ते_गॅलरी

नाही. नियम विसरा. लसी किती झाल्यात? शी कशी आहे?

पहिलाच_कुत्रा

ज्यांच्याकडून आणलं ते म्हणाले एक झालीय, कार्ड दिलं नाही. शी आत्ताच केली, पातळ आहे आणि घाण वास येतोय.

गोठा_ते_गॅलरी

आत्ता दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका. पार्व्हो असू शकतो, पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा, संसर्गजन्य आजार. या वयात एका लसीवर भरवसा ठेवता येत नाही, 16 आठवड्यांपर्यंत डोस पूर्ण व्हायला लागतात. तोंडाने काही कोंबू नका, दूध तर नाहीच. टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून पार्व्होची शंका आहे असं सांगा, म्हणजे ते बाकीच्या पिल्लांत बसवणार नाहीत. शीचा फोटो काढून ठेवा.

पहिलाच_कुत्रा

फोन केला, या म्हणाले. रिक्षा बघतोय.

अनुस्वार

कुठल्या भागात आहात? रात्री रिक्षावाले कुत्रं घेत नाहीत. कोथरूड-वारजे असेल तर मी गाडी काढते, माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा.